किलोला पाव मीठ

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, अमरावतीतल्या एका खाजगी दवाखान्याच्या खिडकीवर मी दहा हजार रुपये अनामत भरली. पैसे वकीलकाकांचे होते. भरले मी, कारण त्या दिवशी त्यांना नोटा मोजता येत नव्हत्या. हजर होते ते असे: आमचे शेजारी दिनकरराव, ज्यांना सगळी कॉलनी वकीलकाका म्हणते, त्यांच्या पत्नी कुसुमकाकू, चाकाच्या खुर्चीत, आणि मी. त्यांची मुलगी रेखा अकोल्याहून फोनवर होती. फोनवरच्या माणसाला हजर धरावं की नाही, यावर एरवी काकांनी मला पाच मिनिटं युक्तिवाद ऐकवला असता. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकच आकडा निघाला, आणि तो रुपयांचा नव्हता. तो कशाचा होता हे समजायला आधी हा माणूस समजला पाहिजे.

काका मूळचे तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडचे. घरचा धंदा भाजीपाल्याचा. वडील वांगी-मिरच्या पिकवून बाजार करायचे, आणि त्या पैशावर काका वकील झाले. चांदूर रेल्वेच्या कोर्टात त्यांनी तीसेक वर्षं काढली. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. बांधाची भांडणं, वाटण्या, पोटगी असली कामं. मोठं नाव झालं नाही आणि त्याची त्यांना खंत दिसली नाही. घरी येऊन काळा कोट खुंटीला लावला की चहाच्या आधी ते परसात जायचे. घरामागे वीस बाय तीस फुटांची जागा होती. तिच्यात वांगी, मिरच्या, मुळे, फ्लॉवर, ओली हळद, आलं, कोपऱ्यात लिंबाचं झाड, आणि हिवाळ्यात गाजरांचे चार वाफे. एवढी भाजी दोन माणसांना संपत नाही. म्हणून लोणची.

लोणचं घालणं हे आमच्याकडे बायकांचं काम. काकांनी ते काकूंकडून काढून घेतलं होतं. काकू नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आवाज चार घरं ओलांडणारा. त्या म्हणायच्या, "मले काय, बरंच झालं. पण ह्या माणसानं बायकोपेक्षा बरण्यांले जास्त ऊन दाखवलं!" काका भाजी धुऊन धोतरावर पसरायचे, पाण्याचा अंश उडाला की चिरायचे. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट वजन करून घ्यायचे. चिनीमातीच्या बरणीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधायचे आणि बरण्या सकाळी उन्हात, संध्याकाळी घरात, अशी ने-आण करायचे. याला ते 'तारखेवर आणणं' म्हणत. बरणीवर 'दाखल' लिहून तिथी टाकत. फोड मुरली म्हणजे निकाल लागला. बुरशी आली की म्हणायचे, "निकाल विरोधात गेला. अपील नाही."

ओला चमचा त्यांना खपत नसे. एकदा चांदूरला बदलून आलेल्या न्यायाधीशांना त्यांनी जेवायला बोलावलं होतं. मीही होतो. साहेबांनी वरणाचा चमचा तसाच ओल्या हळदीच्या लोणच्यात बुडवला. काका उठले, बरणीला दादरा बांधला आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, ही बरणी आता तुमची. घेऊन जा." साहेब गहिवरले. असं प्रेम आपल्याला कुठल्याच गावात मिळालं नाही, असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, मिरचीचं असेल तर तेही पाठवा. काकू हसून हसून खाली बसल्या. "आता चमचा बुडवाले घरी बोलवूच नका. सरळ बरणीच पाठवत जा!"

काकूंचा जीव लिंबाच्या गोड लोणच्यावर होता. वऱ्हाडातलं ते गुळाचं, वर्षभर मुरून काळंभोर झालेलं. त्या ते भाकरीबरोबर खात, खिचडीबरोबर खात, आणि काहीच नसलं तर बोटानं खात. ज्या दिवशी त्यांना साखर निघाली, त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ती बरणी आमच्या दारात आणून ठेवली. माझ्या बायकोला म्हणाल्या, "ठेवा सुनंदाबाई तुमच्याकडं. घरात हे राह्यलं, तर मी राहणार नाही."

त्यानंतर आठ दिवस त्या जेवायला बसत आणि ताट तसंच सारून उठत. काका एवढंच म्हणाले, "पाहू काय होते ते."

त्या वर्षी त्यांनी ज्येष्ठमधाची पूड घालून लिंबाचं लोणचं केलं. काकूंनी एक फोड चाखली. "खोकला बरा होईन याच्यानं. जेवण नाही होत." मग औषधाच्या दुकानातल्या गोड गोळ्या कुटून घातल्या, महिन्याभरात लोणचं कडू झालं. खजूर घातला तर रेखानं अकोल्याहून फोनवर झाडलं, "बाबा, खजुरात काय मीठ असते का? साखरच असते ना!" नुसत्या मीठ-लिंबाचं केलं, त्याला काकू म्हणाल्या, "हे आजारी माणसाचं झालं. मी अजून तेवढी आजारी नाही."

शेवटी गाजरानं साथ दिली. परसातली लाल गाजरं लांब चिरून ते दोन दिवस उन्हात सुकवत. पाणी उडालं की गाजराची स्वतःची गोडी एका जागी येते. त्यात फेसलेली मोहरी, भाजलेली बडीशेप, लिंबाचा रस. चव सुंदर लागली, पण पहिल्या दोन बरण्या पंधरा दिवसांत बुरशीनं गेल्या. काका माझ्याकडे येऊन बसले. "अविनाश, मले आता समजलं. गूळ काही गोडीसाठीच नसते. तो पहारेकरी असते. त्याले काढलं तर त्याच्या जागी दुसरा कोणी उभा केला पायजे."

तो दुसरा पहारेकरी म्हणजे मीठ. किलोला दीड छटाकापासून, म्हणजे नव्वदेक ग्रॅमपासून, सुरुवात करून, दर बरणीला वाढवत, ते किलोला पाव किलोवर येऊन थांबले. वजनकाटा माझा होता, त्यामुळे आकडा मला पाठ आहे. एवढ्या मिठात बुरशीची टाप नव्हती. गंमत म्हणजे ते खारट लागत नसे. गाजराची गोडी, लिंबाचा आंबटपणा आणि मोहरीचा झणका यांत मीठ लपून जायचं. काकूंनी पहिली फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. काका समोर उभे होते, साक्षीदारासारखे.

"साखर नाही ना यात?"

"एक दाणा नाही."

"मग वाढा. आखडून काहून राहिले?"

त्या दिवसापासून सात वर्षं ते लोणचं त्यांच्या ताटात दोन्ही वेळा होतं. दुपारी मुरमुऱ्यांत कालवूनही त्या खात. काकांचा हिवाळा त्यातच जाई. कॉलनीत आणखी साखरवाले होतेच. काका त्यांनाही बरण्या देत. फुकट. बरणीवर आता तिथीच्या खाली 'बिनसाखर' लिहिलेलं असे. परतवाड्याहून जीपनं आवळे आणून त्यांनी तसलंच आवळ्याचंही केलं, फ्लॉवरचंही केलं. लोक त्याला पथ्याचं लोणचं म्हणू लागले, आणि काकांना तो शब्द आवडला.

आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पथ्य म्हणजे साखरेचं पथ्य, एवढंच होतं. दर तीन महिन्यांनी तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारत, गोड बंद आहे ना? दोघं अभिमानानं हो म्हणत. रक्तदाब वाढलाय, मीठ कमी करा, असंही ते सांगत. त्यावर काकू म्हणत, "वरून मीठ मी घेतच नाही." हे खरं होतं. ताटात मीठ वाढणं त्यांनी सोडून दिलं होतं. लोणचं असताना त्यांना वरून मिठाची गरजच पडत नसे. डॉक्टर मान हलवत. गोळी बदलून देत.

मग पाय सुजले. मग चेहरा. मग जिन्याच्या चौथ्या पायरीवर दम लागायला लागला, आणि आम्ही त्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, "काय काय पथ्य पाळता?"

काकांनी मुद्दे मांडावेत तसं सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, भात एक वाटी. "लोणचंसुद्धा घरचं, बिनसाखरेचं."

"लोणचं रोज?"

"दोन्ही वेळा," काकू म्हणाल्या. "त्याच्याशिवाय घास उतरत नाही मले."

"मीठ किती असतं त्यात?"

काकांना कुठलाही प्रश्न विचारला की उत्तर तयार असे. या वेळी ते माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "किलोला पाव."

डॉक्टरांचं पेन थांबलं. काकू काकांकडे बघत होत्या, हसत होत्या. त्यांना वाटलं, आकडा चांगला आहे.

काकूंना आत नेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत, डायलिसिस लागेल, आणि मीठ, लोणचं, पापड आजपासून बंद. काका म्हणाले, "हे लोणच्यानं झालं का?"

"साखर इतक्या वर्षांची आहे. तिच्यानंही किडनी जाते. लोणच्यानंच झालं, असं मी म्हणू शकत नाही."

"लोणच्यानं नाही झालं, असं म्हणू शकता?"

"नाही," ते म्हणाले.

काकूंना तिथं ठेवून परत येताना रिक्षात मी बोलायचं म्हणून बोललो, की काका, संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. ते बाहेर बघत होते. "मागितला तर मिळते, अविनाश. मी मागून नाही राहिलो."

दुसऱ्या दिवशी घरोघर गुढ्या उभ्या होत्या आणि काका कापडी पिशव्या घेऊन कॉलनीत फिरत होते. वाटलेल्या बरण्या परत मागत होते. कारण एवढंच सांगत, की त्यात मीठ फार पडलं आहे. लोक हसले. "वकीलसाहेब, लोणच्यात मीठ नसीन तर काय राहीन?" एक बाई रागावल्या, सणाच्या दिवशी दिलेलं परत नेतात का कोणी! आमच्याकडे दोन बरण्या होत्या, गाजराची आणि मिरचीची. सुनंदानं मिरचीची राहू द्या म्हणून मला खूण केली. मी दोन्ही काढून दिल्या. फक्त निवृत्त पोस्टमास्तर रामभाऊंनी दिली नाही. ते फाटकातच म्हणाले, "बायको गेल्यापासून मी याच्यावरच जेवून राहिलो. नाही देत जा." काका फाटकाला धरून उभे राहिले. "रामभाऊ, बी.पी. तरी तपासून घ्या," असं म्हणून परतले.

सगळं मिळून पंचेचाळीस किलोच्या वर लोणचं जमा झालं. ते त्यांनी परसात खड्डे करून पुरलं. मी कुंपणावरून म्हणालो, काका, कचऱ्याच्या गाडीत द्या ना. ते म्हणाले, "गाय तोंड घालते त्याच्यात." मग घरात गेले, खडेमिठाचं पोतं ओढत आणलं, अर्ध्याहून जास्त भरलेलं, आणि तेही खड्ड्यांत ओतलं. वर माती ओढली. तेल्हारा तालुक्यातला माणूस, खारपाणपट्ट्यातली खारट जमीन बघत मोठा झालेला, बापजाद्यांपासून भाजीवाला. मीठ मातीला काय करतं हे त्यांना माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

पावसाळ्यात ते मीठ सगळीकडे उतरलं. मिरच्या रोपातच जळल्या. वांग्यांची पानं काठांनी करपली. लिंबाच्या झाडानं दोन महिने तग धरला आणि मग एकदम पानं टाकली. काकूंची खाट खिडकीशी होती. आठवड्यात दोनदा डायलिसिस. बाकीचे दिवस त्या परस बघत पडून असत.

"लिंबाले काय झालं?"

"पाणी कमी पडलं."

"पावसाळ्यात?" काकू म्हणाल्या. "इतकं वाईट खोटं बोलता, तुमची वकिली चालली कशी?"

त्या काळात काकांनी मिठाशिवाय लोणचं करून पाहिलं. इतवाऱ्याच्या बाजारातून मिळतील ती केशरी गाजरं आणून लिंबाच्या रसात, व्हिनेगरमध्ये, फ्रिजमध्ये ठेवून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडींना तार सुटायची. एकदा टिकलं, ते काकूंनी चावलं आणि म्हणाल्या, "ही कोशिंबीर आहे. चांगली आहे. पण कोशिंबीर आहे." गुळाशिवाय लोणचं करायची वाट त्यांना सापडली होती. मिठाशिवायची वाटच नसते. हे त्यांना पहिल्या दिवशीच माहीत होतं, तरी ते पुन्हा पुन्हा गाजरं आणत राहिले.

दिवाळीच्या आधी काकूंचं शरीर डायलिसिसही घेईना. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, मागतील ते खाऊ द्या.

त्यांनी काय मागितलं हे सांगायला नको. "ते आपलं गाजराचं. एक फोड. जिभेवर ठेवा नुसती."

काका आमच्या दारात आले तेव्हा चपला घातलेल्या नव्हत्या. "अविनाश, तुमच्याकडं राह्यलं का थोडंसं? सुनंदाबाईनं ठेवली असंल एखादी वाटी. मी रागावणार नाही." सुनंदा रडायला लागली, कारण ठेवलेलं नव्हतं. मग आम्ही दोघं रामभाऊंकडे गेलो. त्यांनी रिकामी बरणी आणून दाखवली. आत कोरडी मोहरी चिकटलेली होती. काकांनी बोट फिरवून पाहिलं. नंतर ज्या ज्या घरून त्यांनी बरण्या परत आणल्या होत्या, त्या प्रत्येक घरी ते गेले. सणाच्या दिवशी रागावलेल्या त्या बाई हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, तुमीच तर नेलं होतं ना."

नवीन घालायचं तर लाल गाजराला अजून हंगाम यायचा होता, आणि मुरायला दिवस लागले असते. मी दुकानातून बाटली आणली. काकांनी तिच्यातली एक फोड पुसून काकूंच्या जिभेवर ठेवली. त्यांनी ती जरा वेळ तोंडात घोळवली.

"हे आपलं नाही."

"नाही," काका म्हणाले.

"आपलं संपलं का?"

"संपलं."

काकूंनी फोड तोंडातून काढून त्यांच्या तळहातावर दिली. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. तीन दिवसांनी त्या गेल्या.

तेरवीला आलेल्या प्रत्येकानं काकांना सांगितलं की तुम्ही फार केलं तिचं. काका प्रत्येकाला "हो, मीच केलं" असं म्हणत. लोकांना ते नम्र उत्तर वाटलं. मला आणि रेखाला ते कसं वाटलं, ते मी लिहीत नाही.

रेखा त्यांना अकोल्याला घेऊन जाणार होती. घर विकायचं ठरलं. घ्यायला आलेलं जोडपं तरुण होतं. ती मुलगी मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "एवढी जागा आहे मागं, मी भाजीपाला लावीन." व्यवहार त्या वाक्यावर जुळला. काकांनी त्यांना बसवून सांगितलं की या मातीत आता काही येणार नाही, कारण यात मी मीठ पुरलं आहे. ताबा द्यायच्या आधी मी ती काढून देतो. का पुरलं, हे त्या जोडप्यानं विचारलं नाही. वकील आहेत, विक्षिप्त असतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ट्रॅक्टर आला. दोन मजुरांनी खड्ड्यांच्या पट्ट्यातली दीड-दोन फूट माती खणून ट्रॉलीत भरली. लिंबाचा बुंधाही निघाला. ट्रॅक्टरवाला ढेकूळ हातात चुरून बघत होता. "काकाजी, काळी माती आहे. नर्सरीवाला रोख घेते. फेकून काहून देता?"

"नाही," काका म्हणाले. "कोणाच्या वावरात नाही टाकायची, कोणाच्या बगीच्यात नाही. नागपूर रोडच्या बाजूले रस्त्याचा भराव चालू आहे, त्याच्यात टाक. वरून डांबर पडते तिथं."

"हो हो, टाकतो ना."

"मी येतो संगं."

"तुमी कुठं बसान बाप्पा? धूळ उडते."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. रेखा म्हणाली, बाबा, गाडी तयार आहे, सामान भरलंय, जेवून निघायचंय. ते मागच्या चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले, एका हातानं दांडी धरली. ट्रॅक्टर हलला तसं त्यांनी मागे वळून ट्रॉलीकडे पाहिलं, सांडत तर नाही ना हे बघायला. आमच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेलाही ते तसेच बसून गेले, आणि परत आले ते केसांपासून पायापर्यंत काळ्या मातीत. अंघोळ न करताच ते रेखाच्या गाडीत बसले.

ट्रॅक्टरवाल्याशी दोन खेपांचे दोन हजार ठरले होते. काकांनी त्याला पंचवीसशे दिले. वरचे पाचशे, माती कोणाला न विकल्याबद्दल.